सेट बदलावा की जपावा? प्रत्येक क्लबचं वय वेगळं असतं

मराठवाड्यात गोल्फ खेळणारे मोजकेच. संभाजीनगरच्या छावणीकडच्या मैदानावर भल्या सकाळी दिसणारी मंडळी बहुतेक एकमेकांना नावानिशी ओळखतात: लष्करातले सेवेतले आणि निवृत्त अधिकारी, वाळूज-चिकलठाण्याचे कारखानदार, काही डॉक्टर आणि या सगळ्यांपेक्षा जास्त खेळ पाहिलेले कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणारे. एवढ्याशा मंडळातही एका प्रश्नावर दोन तट आहेत. काहींच्या बॅगेत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा क्लबांचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, सेट आहे आणि तो सोडायची त्यांची तयारी नाही. काहींना दर एक-दोन वर्षांनी नवा ड्रायव्हर लागतो. पहिले म्हणतात, फटका माणूस मारतो, काठी नाही. दुसरे म्हणतात, तंत्रज्ञान इतकं पुढे गेल्यावर मागे कशाला राहायचं?

मी आयुष्य टूलरूममध्ये काढलं. धातू कुठे झिजतो, कुठे थकतो आणि कुठे नुसता जुना दिसतो, हे रोज बघायचं काम होतं. त्या नजरेने गोल्फच्या बॅगेकडे पाहिलं की दोन्ही बाजू अर्ध्या खऱ्या वाटतात. बॅगेतले सगळे क्लब एकाच चालीने म्हातारे होत नाहीत. एखादा तीस वर्षांनंतरही तसाच असतो, तर एखादा दोन वर्षांत निकामी होतो आणि दिसायला मात्र नवाच राहतो. 'सेट बदलू की नको' असा एकच प्रश्न विचारला की उत्तर चुकणारच. तो प्रत्येक क्लबसाठी वेगळा विचारावा लागतो.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी आधी थोडी ओळख. एका फेरीत खेळाडूला जास्तीत जास्त चौदा क्लब नेता येतात. ही मर्यादा अमेरिकेत १९३८ साली आणि ब्रिटनमध्ये १९३९ साली आली. सर्वांत लांब फटक्यासाठी ड्रायव्हर. मधल्या अंतरांसाठी आयर्न, ज्यांच्यावर नंबर असतात. ग्रीनजवळ, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीजवळ, चेंडू उंच उचलून अलगद थांबवण्यासाठी वेज. आणि ग्रीनवर चेंडू खड्ड्यात ढकलण्यासाठी पटर. चौदा भरलेच पाहिजेत असं मात्र कुठेही लिहिलेलं नाही. चिक इव्हान्स या अमेरिकन खेळाडूने १९१६ची यूएस ओपन अवघ्या सात क्लबांवर जिंकली होती.

ड्रायव्हर: मोठी झेप होऊन गेली

वाद सगळ्यांत जास्त ड्रायव्हरवरून होतो, कारण खर्च तिथेच जास्त आणि जाहिरातीही तिथेच जास्त. भारतात नामांकित कंपनीचा नवा ड्रायव्हर घ्यायचा तर पन्नास हजारांच्या आसपास किंवा त्याहून वर जावं लागतं. त्या पैशात नेमकं काय मिळतं?

पूर्वी ड्रायव्हरचं डोकं खरोखर लाकडाचं असायचं, पर्सिमन नावाच्या घट्ट लाकडाचं. १९७९ साली टेलरमेडने पोलादी डोक्याचा ड्रायव्हर आणला. १९९१ साली कॅलावेचा 'बिग बर्था' आला. त्याचं डोकं १९० घनसेंटिमीटरचं होतं आणि तेव्हा लोकांना ते अवाढव्य वाटलं. मग टायटॅनियम आलं. हा धातू हलका आणि मजबूत असल्यामुळे तेवढ्याच वजनात डोकं दुपटीने मोठं करता येऊ लागलं आणि पुढचा पत्रा पातळ ठेवता येऊ लागला. १९९३ साली बर्नहार्ड लँगरने मास्टर्स जिंकली ती पर्सिमनच्या ड्रायव्हरने. त्यानंतर लाकडी ड्रायव्हरवर कुणीही मेजर, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकही, जिंकलेली नाही.

पातळ पत्र्याचं महत्त्व असं. चेंडू आणि क्लब एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका वेळ. तेवढ्यात चेंडू चेपतो आणि परत फुलतो. चेंडू जितका जास्त चेपतो तितकी ऊर्जा त्याच्या आतल्या घर्षणात वाया जाते. ड्रायव्हरचा पुढचा पत्रा, म्हणजे फेस, थोडा आत दबला की चेंडूला कमी चेपावं लागतं. टायटॅनियम ऊर्जा जवळपास पूर्ण परत देतं, चेंडूचं रबर तसं देत नाही. त्यामुळे चेंडू जास्त वेगाने सुटतो.

हे असंच चालू राहिलं तर मैदानं अपुरी पडतील, हे नियामक संस्थांच्या लक्षात आलं. म्हणून त्यांनी हद्दी घातल्या. फेसची उसळी ०.८३०च्या वर नको. ढोबळ मानाने, चाचणीत चेंडू ताशी १०० मैलांनी आदळला तर ८३ पेक्षा जास्त वेगाने परतता कामा नये. डोकं ४६० घनसेंटिमीटरपेक्षा मोठं नको. फटका मध्यापासून हुकला तर डोकं किती कमी वळावं, म्हणजे त्याचं जडत्व, यालाही कमाल मर्यादा आहे. मोठ्या कंपन्या या हद्दींच्या अगदी जवळ केव्हाच पोहोचल्या.

आकडेही हेच सांगतात. अमेरिकेच्या पीजीए टूरवर व्यावसायिकांचं ड्रायव्हरचं सरासरी अंतर १९८० साली २५७ यार्ड होतं. २००३ साली ते २८६ झालं. म्हणजे तेवीस वर्षांत २९ यार्ड. पुढच्या वीस वर्षांत ते ३००च्या आसपास गेलं, म्हणजे आधीच्या निम्म्याच्या आसपास वाढ, आणि त्यातही खेळाडूंच्या व्यायामाचा वाटा मोठा आहे. पहिल्या झेपेतही सगळं श्रेय ड्रायव्हरचं नाही. २००० सालाच्या सुमारास दोरा गुंडाळलेला जुना चेंडू मागे पडला आणि घन गाभ्याचा नवा चेंडू आला. त्यानेही बरीच यार्डं दिली.

यावरून माझं मत ठरलं आहे. तुमचा ड्रायव्हर नव्वदच्या दशकातला, छोट्या पोलादी डोक्याचा असेल, तर बदला. फरक खरा आहे आणि तो मुख्यतः हुकलेल्या फटक्यांत दिसेल, म्हणजे नेमका आपल्यासारख्यांच्या कामाचा. पण हातातला ड्रायव्हर २००८-१० नंतरचा, ४६० घनसेंटिमीटरचा असेल, तर यंदाचं नवं मॉडेल तुम्हाला फार काही देणार नाही. हौस म्हणून घ्यायचा तर जरूर घ्या, त्यात गैर काही नाही. अंतरासाठी म्हणून मात्र घेऊ नका.

ड्रायव्हर वापरून 'मरतो', त्याची उसळी कमी होते, असं बरेच जण मानतात. घडतं नेमकं उलट. हजारो फटक्यांनी फेस हळूहळू लवचिक होत जातो आणि क्लब जरा जास्तच उसळू लागतो. म्हणूनच मोठ्या स्पर्धांआधी व्यावसायिकांचे ड्रायव्हर तपासतात. एक लोलक फेसवर आपटवून तो किती मायक्रोसेकंद टेकून राहतो, हे मोजतात. मर्यादा २३९ मायक्रोसेकंद, वर १८ची सूट. २०१९च्या ब्रिटिश ओपनला झँडर शॉफलीचा ड्रायव्हर या चाचणीत नापास झाला. २०२५च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये रोरी मॅकिलरॉय आणि स्कॉटी शेफलर या दोघांचे ड्रायव्हर बाद ठरले, आणि शेफलरने राखीव ड्रायव्हर घेऊन ती स्पर्धा जिंकली. हे लवचिक होणं एका टोकाला पोहोचलं की फेसला तडा जातो. ड्रायव्हरचा खरा शेवट तो. आवाज अचानक बदलला, बद्द झाला, की फेसवर नखाने चाचपून तडा शोधा. आपल्या गतीच्या, आठवड्यातून एक-दोनदा खेळणाऱ्या माणसाच्या हातून ड्रायव्हर तिथवर पोहोचायला फार वर्षं लागतात.

आयर्नवरचा नंबर

नवा आयर्न सेट घेतलेल्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सात नंबर आता एक क्लब लांब जातो." हे खरं असतं. त्यामागचं कारण मात्र त्याला दुकानात क्वचितच सांगितलेलं असतं.

क्लबचा फेस मागे किती कललेला आहे, त्या कोनाला लॉफ्ट म्हणतात. लॉफ्ट जास्त असेल तर चेंडू उंच आणि जवळ पडतो, कमी असेल तर सपाट आणि लांब. आयर्नच्या तळावर कोरलेला नंबर हे फक्त नाव असतं. त्या नंबरला किती अंश असावेत, असा कुठलाही नियम नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या सेटमध्ये सात नंबरचा लॉफ्ट ३६ अंशांच्या आसपास असायचा. हौशी खेळाडूंसाठी बनवलेल्या आजच्या सेटमध्ये तो २८ ते ३० असतो, आणि शाफ्टही, म्हणजे दांडाही, थोडा लांब असतो. दोन लगतच्या आयर्नमध्ये साधारण चार अंशांचा फरक धरला तर आजचा सात म्हणजे जुना साडेपाच. लांब जाणारच.

आमच्या इथल्या एका जुन्या कॅडीमामांनी हे लॉफ्ट-बिफ्ट न मोजता ओळखलेलं होतं. "साहेब, ह्या नव्या सेटचा आठ म्हंजी जुन्याचा सात धरायचा. मी समद्यायला तसंच देतो," असं ते म्हणाले तेव्हा मला त्यांच्या नजरेचं मोठं कौतुक वाटलं.

ही निव्वळ फसवणूक आहे, असंही नाही. नव्या आयर्नमध्ये मागची बाजू पोकळ असते. तिथलं वजन काढून कडांना आणि तळाला दिलेलं असतं. गुरुत्वमध्य खाली गेल्याने चेंडू आपोआप उंच उडतो. जुनाच लॉफ्ट ठेवला असता तर तो फारच उंच गेला असता, म्हणून लॉफ्ट कमी करावा लागला. कडांना वजन दिल्यामुळे टोकावर लागलेला फटकाही बऱ्यापैकी सरळ जातो. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याला हा मोठाच आधार आहे, आणि सपाट पाठीच्या जुन्या 'ब्लेड' आयर्नवर अडून बसलेल्यांनी तो मोकळेपणाने मान्य करावा. पण या बदलाचा एक खर्च आहे. पूर्वी पिचिंग वेज ५० अंशांच्या आसपास असायचा, आता ४३-४४ असतो. त्यामुळे त्याच्या आणि ५६ अंशांच्या सँड वेजच्या मध्ये बारा अंशांची दरी पडते. ती भरायला आणखी एक वेज विकत घ्यावा लागतो. नवा सेट घेताना नंबर मोजू नका, अंश विचारा, आणि दोन सेटची तुलना करायची तर समान अंशांच्या क्लबांचीच करा.

जुने आयर्न झिजतात का? आपल्याकडे झिजतात, आणि ते मैदानामुळे. परदेशी लेखांत जी मऊ हिरवळ गृहीत धरलेली असते, ती इथे चार महिने मिळाली तरी पुष्कळ. मराठवाड्याचं बहुतेक पठार बेसॉल्टचं. वर काळी माती, खाली मुरूम. उन्हाळ्यात फेअरवे, म्हणजे खेळायचा गवताचा पट्टा, दगडासारखा होतो आणि प्रत्येक फटक्याला क्लबचा तळ त्याच्यावर आपटतो. फोर्ज केलेले, म्हणजे ठोकून घडवलेले मऊ कार्बन स्टीलचे आयर्न अशा आघातांनी हळूहळू वाकतात. वर्षा-दोन वर्षांत लॉफ्ट एखाद-दोन अंशांनी सरकतो, आणि सगळ्या क्लबांचा सारखा सरकत नाही. जो क्लब जास्त वापरला तो जास्त. मग सात आणि आठ एकाच अंतरावर जाऊ लागतात आणि खेळाडू स्वतःच्या स्विंगला दोष देत राहतो. ओतीव स्टेनलेस स्टीलचे क्लब कडक असतात, ते असे सहज वाकत नाहीत.

यावर सेट बदलण्याची गरज नाही. लॉफ्ट आणि लाय (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) मोजून क्लब परत जागेवर वाकवण्याचं यंत्र असतं. पुण्या-मुंबईला चक्कर होईल तेव्हा मऊ आयर्न त्यावर तपासून घ्यावेत. नव्या सेटच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. मुरमाने तळावर पडलेले ओरखडे आणि खड्डे मात्र विसरून जा. त्यांनी चेंडूला काहीही फरक पडत नाही.

वेज: इथे जिव्हाळा महागात पडतो

ज्या क्लबवर सगळ्यात कमी बोललं जातं, तोच सगळ्यात लवकर बदलावा लागतो. वेजच्या फेसवर आडव्या खाचा असतात. या खाचांनी चेंडूला फिरकी मिळते असं आपण म्हणतो, पण त्यांचं मुख्य काम चेंडू आणि फेस यांच्या मधलं गवत, दव आणि माती बाजूला सारण्याचं आहे. मोटारसायकलच्या टायरवरची नक्षी पावसात पाणी बाजूला काढते, तसंच. टायर गोटा झाला तरी कोरड्या रस्त्यावर गाडी बरी चालते, ओल्यात मात्र घसरते. वेजचंही तेच होतं. खाचांच्या कडा गोल झाल्या तरी कोरड्या, स्वच्छ जागेवरून चेंडू ठीक जातो. ओल्या गवतातून मारला की तो फेसवरून सरकतो, फिरकी घेत नाही, आणि ग्रीनवर पडून थांबण्याऐवजी पलीकडे धावत सुटतो.

या कडांवर नियामकांचंही बारीक लक्ष आहे. २०१०पासून व्यावसायिक स्पर्धांत खाचांचा आकार आणि कडांची तीक्ष्णता यांवर बंधनं आली, कारण खेळाडू उंच गवतातूनही चेंडू जागच्या जागी थांबवू लागले होते. कडा जराशा बोथट केल्या की खेळ बदलतो, हे त्यातून सिद्धच झालं. मग वापराने बोथट झालेल्या कडांनी आपला खेळ बदलणार नाही, असं कसं म्हणता येईल?

बंकरची, म्हणजे मैदानावरच्या वाळूच्या खड्ड्यांतली, वाळू म्हणजे घासकागदच. त्यात आपल्याकडची बेसॉल्टची कच मिसळली की झीज आणखी वाढते. बंकरमध्ये भरपूर सराव करत असाल तर सरावाचा वेज वेगळा ठेवा. जुना, गोटा झालेला वेज त्यासाठी उत्तम. खेळायच्या वेजच्या खाचेच्या कडेवरून नख आडवं ओढून बघा. नख अडकलं नाही, तर त्या वेजने तुमचे कितीही अवघड फटके वाचवलेले असोत, त्याला निरोप द्या.

वेज घेताना आणखी एक गोष्ट बघा, आणि मराठवाड्यात ती फार महत्त्वाची आहे. तळ पुढच्या धारेपेक्षा किती खाली फुगलेला आहे, त्या कोनाला बाऊन्स म्हणतात. मऊ जमिनीत जास्त बाऊन्स असलेला क्लब रुतत नाही, म्हणून दमट प्रदेशात तो लोकप्रिय आहे. आपल्या उन्हाळी जमिनीवर तोच तळ आदळून वर उसळतो, धार चेंडूच्या पोटावर बसते आणि चेंडू ग्रीनच्या पार पलीकडे जातो. खेळाडू म्हणतो, हात उठला. कित्येकदा हात उठलेला नसतो, बाऊन्स चुकलेला असतो. कडक जमिनीसाठी चार ते आठ अंश बाऊन्सचा वेज बघावा. पावसाळ्यात काळी माती फुगून चिकट झाली की मात्र जास्त बाऊन्सचा लागतो, म्हणून दोन वेज वेगवेगळ्या बाऊन्सचे ठेवणं शहाणपणाचं.

ग्रिप आणि शाफ्ट

आता जिथे सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक पडतो, ती जागा. ग्रिप, म्हणजे क्लबची मूठ, रबराची असते. ऊन, घाम आणि धूळ या तिन्हींनी रबर टणक आणि गुळगुळीत होतं, आणि आपल्याकडे या तिन्हींची कमतरता नाही. ग्रिप घसरायला लागली की हात नकळत जास्त आवळतात. हात आवळले की कोपरापर्यंतचे स्नायू ताठरतात, मनगट वेळेवर वळत नाही, फेस उघडा राहतो आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू उजवीकडे जातो. अशा वेळी माणूस नवा ड्रायव्हर बघायला निघतो. एका ग्रिपला हजार रुपयांच्या आतबाहेर खर्च येतो. कोमट साबणाच्या पाण्याने महिन्यातून एकदा धुतल्या तर त्या आणखी टिकतात. नियमित खेळत असाल तर दर वर्षी नाही, तरी दीड-दोन वर्षांनी त्या बदलाच.

शाफ्ट 'थकतो', मऊ पडतो, हा समज खोटा आहे. ग्राफाइटला तडा गेलेला नसेल तर त्याचा ताठपणा वर्षानुवर्षं तसाच राहतो. पोलादी शाफ्टचा शत्रू गंज. त्या बाबतीत आपली कोरडी हवा चांगली आहे. मुंबई-कोकणातून आलेला जुना सेट घेत असाल तर एखादी ग्रिप काढून आतला भाग पाहा, गंज तिथे लपलेला असतो. आपल्याकडचा धोका दुसरा आहे. डोकं शाफ्टला इपॉक्सी नावाच्या गोंदाने चिकटवलेलं असतं. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना बंद गाडीच्या डिकीत तापमान कितीतरी वर जातं, आणि रोजच्या अशा तापण्याने इपॉक्सीची पकड सैल होत जाते. क्लब घरात ठेवा. डिकीत राहिलेल्या सेटचं डोकं एखाद्या दिवशी चेंडूच्या मागोमाग उडतं, आणि ते कुणाला लागलं तर प्रकरण गंभीर होतं.

शाफ्ट म्हातारा होत नसला तरी आपण होतो. क्लब बदलण्याचं सगळ्यात प्रामाणिक कारण मला हेच वाटतं. हौशी पुरुष खेळाडूचा ड्रायव्हर साधारण ताशी ९३ मैलांनी फिरतो. वयानुसार हा वेग उतरतो, आणि दर एक मैलामागे साधारण अडीच यार्ड जातात. पस्तिशीत घेतलेला ताठ शाफ्ट साठीत जड वाटतो, चेंडू वर उठत नाही. तेव्हा जरा लवचिक, हलका शाफ्ट आणि थोडा जास्त लॉफ्ट घेतला तर गेलेल्यातलं बरंच परत मिळतं. पुष्कळदा डोकं तेच ठेवून नुसता शाफ्ट बदलता येतो. आमच्यातले काही ज्येष्ठ हे मान्य करायला तयार नसतात. ताठ शाफ्ट त्यांना तारुण्याची खूण वाटतो, आणि त्यापायी ते खेळातला आनंदच कमी करून घेतात, याचं वाईट वाटतं.

पटर: इथे जिव्हाळाच उपयोगी पडतो

पटरला झिजायला काही नाही. चेंडू हळू जातो, आघात किरकोळ, खाचांची गरज नाही. लोखंडाचा तुकडा म्हणून तो दोन पिढ्या टिकेल. म्हणूनच मोठ्या खेळाडूंच्या जिवलग क्लबांच्या गोष्टी बहुतेक पटरच्याच असतात. टायगर वूड्सच्या पंधरा मेजर विजेतेपदांपैकी चौदा एकाच स्कॉटी कॅमरन पटरने आलेली आहेत. २०१०च्या ब्रिटिश ओपनला त्याने दुसरा पटर काढला आणि शेवटच्या दिवशी पुन्हा जुन्याकडे वळला. बेन क्रेनशॉचा पोरवयापासूनचा विल्सन पटर 'लिटल बेन' या नावानेच ओळखला जातो. हेन्रिक स्टेन्सनची गोष्ट तर पटरचीही नाही. कॅलावेचा २०११च्या सुमाराचा थ्री-वूड, म्हणजे ड्रायव्हरच्या खालोखाल लांब मारणारा क्लब, त्याने वर्षानुवर्षं सोडला नाही, आणि २०१६ची ब्रिटिश ओपन जिंकली तेव्हाही तोच त्याच्या बॅगेत होता.

हा निव्वळ भाबडेपणा आहे का? मला तसं वाटत नाही, आणि त्याला आधार आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गोल्फ खेळणाऱ्या लोकांना एकाच प्रकारचा पटर दिला. निम्म्यांना सांगितलं की हा एका नामवंत व्यावसायिकाचा आहे. बाकीच्यांना तसं सांगितलं नाही. ज्यांना सांगितलं त्यांना खड्डा मोठा दिसला, आणि दहा प्रयत्नांत त्यांनी सरासरी दीडेक चेंडू जास्त घातले. लोखंड तेच, विश्वास वेगळा. जिथे ताकदीचं काम नाही, जिथे दोन फुटांवरून हात थरथरला की संपलं, तिथे 'हा माझा आहे, याने मला कधी दगा दिला नाही' ही भावना खेळाचाच भाग आहे. पटरवर प्रेम असेल तर तो बदलू नका.

विश्वासच उडाला असेल तर मात्र अडूनही बसू नका. जॅक निकलॉस १९८६ साली ४६व्या वर्षी मास्टर्स जिंकला, तो मॅकग्रेगरचा मोठ्या डोक्याचा नवा पटर घेऊन. ज्या जुन्या पटरने त्याला आधी बहुतेक मेजर स्पर्धा जिंकून दिल्या होत्या, तो त्याने बाजूला ठेवला होता.

जिव्हाळ्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. आपल्या मालकीच्या वस्तूची किंमत आपण जास्त धरतो. कानेमन, नेच आणि थेलर या तीन संशोधकांनी १९९० साली साध्या कॉफीच्या मगांवर हे दाखवून दिलं. ज्या विद्यार्थ्यांना असा मग दिला होता, ते तो विकायला जी किंमत मागत होते, ती इतर विद्यार्थी द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती, आणि तो हातात येऊन काही मिनिटंच झाली होती. वीस वर्षं सोबत असलेल्या क्लबचं काय होत असेल! त्यात भर अशी की जुन्या क्लबचा आपल्याला एखादा अविस्मरणीय फटका आठवतो, आणि नव्या क्लबचा दुकानातल्या पडद्यावर दिसलेला सर्वांत लांब आकडा. दोन्ही तटांची चूक एकच आहे. दोघेही सर्वोत्तम फटक्यावरून ठरवतात, आणि स्कोअर तर बिघडतो वाईट फटक्यांनी.

म्हणून तुलना मैदानावर करा, आपल्याच कडक जमिनीवर. दुकानातली मॅट चेंडूच्या मागे बसलेला फटकाही माफ करते, मुरूम करत नाही. एकाच प्रकारचे चेंडू घ्या. दोन्ही क्लब आलटून पालटून मारा, कारण सलग दहा जुन्याने आणि मग दहा नव्याने मारले तर अंग गरम झाल्याचा फायदा फुकटात नव्याला मिळतो. प्रत्येकाचे सर्वांत चांगले दोन आणि सर्वांत वाईट दोन सोडून द्या. उरलेले चेंडू किती रुंदीत पडलेत ते पावलांनी मोजा. लांबीचा आकडा त्यानंतर. कॅडीला सोबत घ्या आणि कुठला क्लब हातात आहे ते त्याला न सांगता चेंडू कसा गेला ते विचारा. त्याला कुठल्याच क्लबचं प्रेम नसतं.

नवं घ्यायचं ठरलं, तरी यंदाचंच मॉडेल हवं असं नाही. कंपन्या वर्षा-दोन वर्षांनी नवं नाव आणतात आणि मागचं लगेच बरंच स्वस्त होतं. तीन वर्षांपूर्वीचा, जेमतेम वापरलेला ड्रायव्हर तोच टायटॅनियम आणि त्याच कायदेशीर हद्दींवर बसलेला असतो.

आणि सुटलेला जुना सेट माळ्यावर टाकू नका. आपल्याकडे पुष्कळ जण जुन्या क्लबांचा शाफ्ट कापून घरातल्या मुलाच्या हातात देतात. ते करू नये. कापलेला शाफ्ट जास्त ताठ होतो, डोकं मोठ्यांचंच जड राहतं, आणि ते पेलण्यासाठी मूल अंग फेकून मारायला शिकतं. मुलांसाठी हलके क्लब वेगळे मिळतात. जुना सेट एखाद्या मोठ्या नवशिक्याला किंवा कॅडीला द्या. भारतातले कितीतरी चांगले खेळाडू याच वाटेने आले. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर दिल्लीत कॅडी होता, आणि १९९३ साली त्याने ती पुन्हा जिंकली. व्यावसायिक गोल्फपटू एसएसपी चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये मैदानाची निगा राखायचे. सुरुवातीला चौदा लागतही नाहीत. पाच, सात, नऊ, एक सँड वेज आणि पटर एवढं पुरतं. देण्याआधी फक्त ग्रिप नव्या बसवा आणि डोकी घट्ट आहेत का, ते हाताने पिळून बघा.